ढगाला किल्ली किती द्यावी?

मी उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये कापडाच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो आणि उरलेल्या वेळात कविता लिहितो. हिशेबाचे पैसे मिळतात, कवितेचे मिळत नाहीत, एवढाच या दोहोंतला फरक आमच्या शेठजींना ठाऊक आहे. माझे शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. त्यामुळे कॉम्प्युटरच्या जोडण्यांवर मी बोलणार आहे म्हटल्यावर माझ्या भाच्याने फोनवर विचारले, "मामू, तुम्ही?" मी म्हटले, हो, मीच. ज्याच्या घरी चोरी झाली आहे, त्याला कडीकोयंड्याविषयी बोलण्याचा थोडा हक्क पोचतो.

आमचे गाव मुळात लष्कराची छावणी. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या या छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी तिचे नाव उल्हासनगर ठेवले. म्हणून आमच्याकडे पेठा नाहीत, आळ्या नाहीत. कॅम्प आहेत, एक ते पाच. आणि जुन्या पत्त्यांत अजून बरॅकचा नंबर असतो. शेठजींचे बालपण अशाच एका बरॅकीत गेले. लांबलचक एकच दालन, त्यात गोणपाटाचे पडदे लावून केलेली बिऱ्हाडे. या पडद्याआड शिजलेल्या भाजीचा वास त्या पडद्याआड. आत आला तो आपला, असा सगळा कारभार. ही बरॅक जरा लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

आमच्या ऑफिसात पाच कॉम्प्युटर आहेत आणि कोपऱ्यात, देव्हाऱ्याच्या खाली, एक काळी पेटी आहे. पेटीत दोन हार्ड डिस्क. त्या पेटीतली जागा पाचही कॉम्प्युटरवर 'झेड' या अक्षराखाली दिसते. झेड म्हणजे ऑफिसचे सामायिक कपाट. बिले, चलने, पार्ट्यांची खाती, स्कॅन केलेल्या पावत्या, सगळे त्यात. मी इकडे बिल ठेवले की गोदामातला मुलगा तिकडे उघडतो. कॉम्प्युटर आणि हे कपाट ज्या बोलीत एकमेकांशी बोलतात तिचे नाव एसएमबी. १९८०च्या दशकात आयबीएममध्ये ती जन्मली, पुढे मायक्रोसॉफ्टने वाढवली, आणि आज विंडोजवर चालणाऱ्या बहुतेक ऑफिसांतली शेअर्ड ड्राइव्ह याच बोलीवर चालते. प्रत्येक बोलीला ये-जा करायला एक नंबरचे दार असते, त्याला पोर्ट म्हणतात. एसएमबीचे दार ४४५ नंबरचे. मुद्दा असा की ही बोली घरातल्या माणसांसाठी घडवलेली आहे. भर बाजारात उभे राहून ती बोलायची नसते.

आता क्लाउड. नाव फार काव्यमय आहे, वस्तू अजिबात नाही. माझा भाचा अंबरनाथला राहतो आणि नवी मुंबईत एका डेटा सेंटरमध्ये रात्रपाळी करतो. तो म्हणतो, "मामू, ढग वगैरे काही नाही. एसीचा गारठा, पंख्यांचा आवाज आणि कुलपं." क्लाउड म्हणजे दुसऱ्याचा कॉम्प्युटर, आपण भाड्याने वापरतो तो. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई आणि चेन्नई इथे आपली अशी केंद्रे सुरू केली, अ‍ॅमेझॉनने २०१६ साली मुंबईत. म्हणजे आपल्यातल्या अनेकांचे ढग पुण्यालाच असतात.

कपाट आपल्या घरात आणि ढग पुण्याला. या दोघांची गाठ घालायची कशाला? आमच्या बाबतीत ती पाण्याने घातली.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे सर्वांना माहीत आहे. त्याच पावसात उल्हास नदी आणि आमची वालधुनीही बाहेर पडल्या, हे मुंबईकरांना तितके आठवत नाही. ऑफिसात कमरेएवढे पाणी होते. तेव्हाचा एकुलता कॉम्प्युटर गेला. घरी माझ्या कवितांच्या वह्या खाटेखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत होत्या, त्या भिजून एकमेकींना चिकटल्या. शाईची निळी डबकी झाली होती. जे वाचता येईल ते मी पुढची काही वर्षे संध्याकाळी ऑफिसात बसून टाइप करत होतो. आधी एका जुन्या फॉन्टमध्ये, मग पुन्हा सगळे युनिकोडमध्ये, कारण जुना फॉन्ट दुसऱ्या कॉम्प्युटरवर गेला की कवितेचे चिनी भाषेत रूपांतर होई. शेठजींनी परवानगी दिली होती, "झेड में रख दो, शायरसाहब." मी 'इतर' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवल्या. ११२ कविता. शिवाय एका पेन ड्राइव्हवर प्रत होती. ती पेन ड्राइव्ह माझ्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरला कायम लावलेली असे, हरवू नये म्हणून.

मग २०१९चा पावसाळा आला. २७ जुलैला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढले. टीव्हीवर ते पाहून शेठजींना २००५ आठवले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ठरवले की हिशेब ढगात ठेवायचा. शिवाय त्यांच्या मुलाने बिलिंगची एक ऑनलाइन सेवा घेतलीच होती. आपण झेडमध्ये बिल ठेवले की ती सेवा ते उचलणार आणि नागपूरच्या गिऱ्हाइकाला त्याच्या मोबाइलवर दाखवणार. हेतूत काहीच खोट नव्हती.

जोडणी करायला जो मुलगा आला तो कामसू होता, त्याला मी दोष देत नाही. त्याला दोन तासांचे पैसे ठरले होते. त्याने माझ्याच कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम बसवला. झेडमधले हिशेबाचे फोल्डर बदलले की तो ते ढगात चढवणार. त्या प्रोग्रामला त्याने शेठजींचेच नाव आणि पासवर्ड दिला, म्हणजे अडचण नको. झेडच्या परवानगीत लिहिले, 'एव्हरीवन, फुल कंट्रोल', म्हणजे अडचण नको. तो प्रोग्राम दर दोन दिवसांनी बंद पडे, मग त्या मुलाला कल्याणहून यावे लागे. तेव्हा त्याने राउटरमध्ये एक दार उघडले, बाहेरून माझ्या कॉम्प्युटरचा पडदा पाहता यावा आणि घरबसल्या तो प्रोग्राम पुन्हा सुरू करता यावा म्हणून. पासवर्ड दुकानाचे नाव आणि पुढे १२३. अडचण खरोखरच राहिली नाही. कोणालाही.

गणपती गेल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी मी कुलूप उघडून बसलो तर झेडमधल्या प्रत्येक फाइलच्या नावाला एक विचित्र शेपूट लागलेले. एकही उघडेना. प्रत्येक फोल्डरमध्ये इंग्रजीत एक चिठ्ठी होती, डॉलर भरा आणि किल्ली घ्या. शेठजी चष्मा पुसत म्हणाले, "ये कौन है? मैंने किसका पैसा रखा है?"

भाच्याने नंतर नोंदी पाहून सांगितले ते असे. रविवारी रात्री कोणीतरी, म्हणजे कोणाच्या तरी प्रोग्रामने, त्या उघड्या दारावर हजारो पासवर्ड एकामागून एक लावून पाहिले. एक लागला. आत आल्यावर तो शेठजी झाला. शेठजींना झेडवर सगळे हक्क, म्हणून त्यालाही सगळे हक्क. त्याने फाइली कुलूपबंद केल्या. माझ्या कॉम्प्युटरला लावलेली पेन ड्राइव्हही केली, कारण तीही त्याला समोरच दिसत होती. आणि फाइली बदलल्या आहेत हे पाहून आमच्या इमानी प्रोग्रामने त्या कुलूपबंद फाइली ढगात चढवल्या, आधीच्या चांगल्या प्रतींच्या जागी. पुराच्या भीतीने बांधलेल्या माळ्यावर आम्ही स्वतःच पाणी वाहून नेले.

हिशेब वाचला, तो एका गोष्टीमुळे. त्या सेवेत प्रत्येक फाइलच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवस राहत होत्या. भाच्याने दोन रात्री बसून शनिवारची आवृत्ती परत आणली. पण 'इतर' फोल्डर ढगात चढतच नव्हते. चढवायचे ठरले होते ते फक्त हिशेबाचे.

माझ्या कविता गेल्या त्याचे मी इथे जास्त काही बोलत नाही. छापून आलेल्या ४७ अंकांतून, मित्रांकडच्या कात्रणांतून परत जमवल्या. काही पाठ होत्या, त्या लिहून काढल्या, त्यांतल्या ओळी पूर्वीच्याच आहेत की नव्या हे मला आता सांगता येणार नाही.

लाजिरवाणी गोष्ट अशी की ही सगळी हकीकत मी आधी वाचलेली होती. दोन वर्षांपूर्वी, पेपरात, आपल्याच न्हावा शेवा बंदराबाबत. वाचली आणि पान उलटले.

२७ जून २०१७ची गोष्ट. युक्रेनमध्ये हिशेबाचे आणि करांचे एक सॉफ्टवेअर बहुतेक कंपन्या वापरत, आपल्याकडे टॅली असते तसे. त्याचे नाव एम. ई. डॉक. हल्लेखोरांनी ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरमध्ये शिरून तिच्याच अपडेटमधून विष पाठवले. त्याला पुढे नॉटपेट्या हे नाव पडले. मर्स्क ही डेन्मार्कची प्रचंड जहाज कंपनी. 'वायर्ड' मासिकात अँडी ग्रीनबर्ग यांनी २०१८ साली लिहिलेल्या वृत्तांतानुसार, मर्स्कच्या ओडेसातल्या ऑफिसात एका अर्थाधिकाऱ्याच्या सांगण्यावरून हे सॉफ्टवेअर एकाच कॉम्प्युटरवर बसवलेले होते. फक्त एका.

तेवढे पुरले. आत शिरलेला हा प्राणी दोन रीतींनी पसरे. पहिली रीत म्हणजे एसएमबी या बोलीतल्या एका जुन्या दोषाचा फायदा घेऊन. तो दोष बुजवणारे ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिले होते. त्याच दोषावर मे महिन्यात वॉनाक्रायने जगभर धिंगाणाही घातला होता. दुसरी रीत जास्त वाईट. कॉम्प्युटरच्या स्मरणात पडलेले लोकांचे पासवर्ड उचलायचे आणि ते लावून शेजारच्या कॉम्प्युटरवर रीतसर जायचे. म्हणजे ठिगळ लावलेलाही सुटत नसे. एका बरॅकीला लागलेली आग गोणपाटाचे पडदे अडवू शकत नाहीत. मर्स्कची जगातली ७६ पैकी १७ टर्मिनले ठप्प झाली. त्यांत न्हावा शेवाचे गेटवे टर्मिनल्स इंडिया होते, वर्षाला १८ लाख कंटेनर हाताळण्याच्या क्षमतेचे. तिथला कारभार कागद-पेन्सिलीवर आला. शेजारची टर्मिनले चालू होती. क्रेन तीच, समुद्र तोच, पण कोणत्या पेटीत काय आहे आणि ती कोणाची, हे सांगणारे कोणी उरले नव्हते.

मर्स्कच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये दाव्होसला सांगितले की दहा दिवसांत त्यांना ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभारावे लागले. कंपनीने नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर धरले. आणि सगळ्यात सुरस भाग असा. कोणाला कुठे शिरायचा हक्क आहे याची नोंदवही ज्या सर्व्हरांवर असते, त्यांच्या जगभरच्या सगळ्या प्रती नष्ट झाल्या होत्या. प्रती होत्या शेकड्याने, पण त्या एकमेकींना जोडलेल्या होत्या. एकच वाचली, आफ्रिकेत घानामध्ये, कारण हल्ल्याच्या आधीच तिथली वीज गेली होती आणि तो सर्व्हर बंद पडला होता. इतकी वर्षे लोडशेडिंगला शिव्या घालणाऱ्या आपल्या महाराष्ट्राने हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. जोडलेले नव्हते म्हणून वाचले. ती डिस्क माणसांनी विमानाने इंग्लंडला नेली.

आता तुम्ही म्हणाल, मग तोडूनच टाका तो ढग. शेठजीही तेच म्हणाले. पण ते शक्य नव्हते. गिऱ्हाइकांना मोबाइलवर बिल पाहायची सवय लागली होती. आणि आता तर १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला दुसऱ्या व्यापाऱ्याचे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवून घ्यावेच लागते. ढगाशी बोलणे सुटत नाही. प्रश्न उरतो तो कसे बोलायचे याचा.

भाच्याने एका रद्द बिलाच्या पाठीवर चौकोन काढले आणि मला विचारले, "मामू, आपल्या घरी गॅसचा सिलिंडर येतो तेव्हा त्या माणसाला घराची किल्ली देऊन ठेवता का?" मी म्हटले, नाही, तो आला की आम्ही दार उघडतो. तो म्हणाला, "इथे तेवढंही करायचं नाही. त्याने दारापर्यंतही यायचं नाही. आपलाच माणूस कोपऱ्यावर जाऊन सामान देऊन येईल."

जोडणीतली मुख्य गोष्ट हीच आहे. ढगाने आत यायचे नाही, आतल्याने बाहेर जायचे. राउटरचा स्वभावच तसा असतो. आतून बाहेर जाणाऱ्याला तो सोडतो आणि त्याला आलेले उत्तर परत घेतो, पण बाहेरून अचानक आलेल्याला अडवतो. आम्ही दार उघडून त्याचा स्वभाव बिघडवला होता. ते दार आधी बंद केले. मग एका जुन्या कॉम्प्युटरवर एक छोटा प्रोग्राम बसवला. आम्ही त्याला निरोप्या म्हणतो. तो दर काही मिनिटांनी स्वतःहून बाहेर ढगाला फोन लावतो, "काही काम?" असे विचारतो, काम असेल तर देऊन येतो आणि फोन ठेवतो. हा फोन ४४३ नंबरच्या दारातून, म्हणजे बँकेची वेबसाइट ज्या दारातून आणि जशी सांकेतिक लिपीत येते तसाच जातो. ढग खरा आहे का हे निरोप्या त्याच्या प्रमाणपत्रावरून तपासतो आणि निरोप्या आमचाच आहे का हे ढग त्याच्या गुप्त किल्लीवरून. मायक्रोसॉफ्टचा ऑन-प्रिमायसेस डेटा गेटवे याच तऱ्हेने चालतो. इतर बऱ्याच सेवांकडे असे काहीतरी असते. एखादी सेवा जर म्हणाली की आमच्यासाठी तुमचे ४४५ उघडा, तर तिथेच बोलणे थांबवावे, असे भाच्याचे मत आहे आणि आता माझेही.

पण निरोप्या बाहेर जातो एवढ्याने काम भागत नाही. त्याच्या कमरेला किती किल्ल्या आहेत हे त्याहून महत्त्वाचे. तो आता शेठजींच्या नावाने फिरत नाही. त्याचे स्वतःचे खाते आहे. त्या खात्याने कोणी कॉम्प्युटरसमोर बसून लॉगिन करू म्हटले तर होत नाही. झेडमध्ये आम्ही 'बाहेर' नावाचे वेगळे फोल्डर केले. बिल पक्के झाले की त्याची प्रत मी त्यात टाकतो. निरोप्याला फक्त ते फोल्डर दिसते आणि तेही फक्त वाचता येते. लिहिता नाही, पुसता नाही. हिशेबाचे मूळ फोल्डर आहे हेही त्याला माहीत नाही.

इथे एक बारीक गोष्ट आहे, जी त्या कामसू मुलाने सोडून दिली होती. विंडोजच्या कपाटाला परवानग्यांच्या दोन याद्या असतात. एक शेअरच्या दारावर, दुसरी आतल्या फोल्डरवर. जाळ्यातून येणाऱ्याला दोन्ही पार कराव्या लागतात आणि दोन्हींत जी कडक असेल ती लागू होते. त्यामुळे पुष्कळ लोक दारावर 'एव्हरीवन, फुल कंट्रोल' लिहितात आणि आत काळजीपूर्वक यादी करतात, तेही चालते. आमच्याकडे दोन्ही ठिकाणी एव्हरीवन होता. भाच्याने दोन्ही याद्यांतून एव्हरीवन काढला आणि नावानिशी माणसे लिहिली. पाच माणसांची नावे लिहायला दहा मिनिटे लागली.

मग बरॅकीला भिंती घातल्या. निरोप्याचा कॉम्प्युटर जाळ्याच्या वेगळ्या कप्प्यात ठेवला. तिथून त्याला काळी पेटी दिसते आणि बाहेर त्या एका सेवेचा पत्ता दिसतो. माझा कॉम्प्युटर दिसत नाही, गोदामातला दिसत नाही. एसएमबीची पहिली, जुनाट आवृत्ती सगळीकडे बंद केली. नव्या विंडोजमध्ये ती २०१७ पासून बहुतेक ठिकाणी आपोआप येतही नाही, पण आमचा स्कॅनर जुना होता आणि त्याच्यासाठी कोणीतरी ती मुद्दाम चालू ठेवली होती. स्कॅनर बदलला. शेठजींना त्या खर्चाचे सर्वांत जास्त दुःख झाले. बाकीचे काम जुन्या कॉम्प्युटरवर आणि भाच्याच्या दोन रविवारांत झाले, त्याबद्दल त्याला त्यांनी एक शर्टपीस दिला.

शेठजींच्या मुलाला प्रवासात झेड पाहायची असते. त्याच्यासाठी व्हीपीएन केले, म्हणजे त्याच्या लॅपटॉपपासून ऑफिसपर्यंत एक खाजगी बोगदा. पासवर्डच्या जोडीला मोबाइलवर येणारा आकडाही द्यावा लागतो. ढगातल्या सेवेच्या मालक-खात्यालाही तसेच दुहेरी कुलूप घातले. पण बोगद्याचे एक आहे. बोगद्यातून माणूस येतो तसा त्याच्या लॅपटॉपवरचा रोगही येतो. म्हणून बोगदा उघडला तरी तो संपतो एका खोलीत, सगळ्या घरात नाही.

मी भाच्याला एक शंका विचारली. युक्रेनमध्ये तर विष विश्वासू सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच आले. उद्या हा निरोप्याच फितूर झाला तर? तो म्हणाला, होऊ शकतो. तसे झाले तर 'बाहेर'मधली बिले तो कोणाला तरी देईल, पण कपाटाला कुलूप घालू शकणार नाही, कारण त्याच्या हातात लिहायची किल्ली नाही. म्हणजे नुकसान शून्य नाही. बिलांवर गिऱ्हाइकांची नावे, पत्ते, मोबाइल नंबर असतात आणि ते जपण्याची जबाबदारी २०२३च्या कायद्यात आपल्यावर टाकलेली आहे. म्हणून 'बाहेर'मध्ये जुनी बिले साठू देत नाही. नोकरांच्या आधार कार्डांच्या प्रती पूर्वी झेडमध्येच पडून असत. त्या तिथून हलवल्या. पूर्ण सुरक्षित असे काही भाच्याने मला दाखवलेले नाही आणि तसे दाखवणाऱ्याकडून मी आता काही घेत नाही.

आणि प्रती. ढगात चढवणे ही प्रत नव्हे, हे आम्ही पैसे न मोजता पण किंमत देऊन शिकलो. चढवणारा प्रोग्राम आरशासारखा असतो. तुमचे तोंड काळे झाले की त्याचेही होते. जुने जाणकार तीन-दोन-एक म्हणतात. प्रती तीन, दोन वेगळ्या तऱ्हेच्या वस्तूंवर, आणि त्यांतली एक वेगळ्या जागी. भाचा त्यात घानाची भर घालतो, की एक तरी तोडलेली हवी. आमच्याकडे दोन हार्ड डिस्क आहेत. शनिवारी संध्याकाळी मी एक लावतो, प्रत होईपर्यंत चहा पितो, आणि काढतो. ती शेठजींच्या घरी, दुसऱ्या मजल्यावर जाते, पुराच्या वर. गेल्या शनिवारची परत येते. महिन्याच्या पहिल्या तारखेला त्यातली कोणतीही एक फाइल उघडून बघतो. दोनदा उघडली नाही. एकदा केबल खराब होती, एकदा मी चुकीचे फोल्डर घेत होतो, तीन आठवडे.

निरोप्या काय करतो याची नोंदही रोज लिहिली जाते, आणि ती मी चहाबरोबर वाचतो. मध्यंतरी पहाटे तीन वाजता कोणीतरी झेड उघडायचा प्रयत्न करत असल्याची आणि नकार मिळाल्याची ओळ सलग चार रात्री दिसली. माझे हातपाय गार पडले. भाच्याने शोध घेतला तर तो शेठजींचाच जुना टॅब्लेट होता, कपाटात चार्जिंगला लावून विसरलेला, जुना पासवर्ड घेऊन दार वाजवत होता.

अशी काही आपत्ती कोणावर आलीच तर एक सांगून ठेवतो. आधी नेटची वायर काढा, पण कॉम्प्युटर पुसू नका. पोलिसांत तक्रार करा. आता त्यासाठी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल आहे आणि पैसे गेले असतील तर १९३० हा फोन नंबर. आम्ही खंडणी भरली नाही. भरणाऱ्यांपैकी सगळ्यांना किल्ली मिळते असेही नाही.

कुलूपबंद फाइली मात्र फेकू नयेत, हे भाच्याने मला शिकवले. डच पोलीस, युरोपोल आणि काही कंपन्यांनी मिळून २०१६ साली 'नो मोअर रॅन्सम' नावाची मोहीम सुरू केली. एखादी टोळी पकडली गेली किंवा तिच्या कुलपात खोट सापडली की त्या कुलपाची किल्ली तिथे फुकट ठेवली जाते. अनेक कुलपांच्या किल्ल्या अशा मिळाल्या आहेत. आमच्या शेपटाची अजून मिळालेली नाही. 'इतर' फोल्डर आहे तसे एका डिस्कवर उतरवून, ती खाकी पाकिटात घालून, वर तारीख आणि त्या शेपटाचे स्पेलिंग लिहून मी घरच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवली आहे. दर दोन-तीन महिन्यांनी भाचा पाहतो आणि फोन करतो. "मामू, अजून नाही."